सही न करणारा डिकिन्सन

१६ सप्टेंबर १७७५ची सकाळ. फिलाडेल्फियाच्या चेस्टनट स्ट्रीटवरून जॉन ॲडम्स सभागृहाकडे चालला होता. समोरून जॉन डिकिन्सन आला. दोघेही कॉन्टिनेंटल काँग्रेसचे, म्हणजे ब्रिटनच्या अमेरिकेतल्या वसाहतींच्या प्रतिनिधी-सभेचे सदस्य, रोज एकाच दालनात बसणारे. कोपराला कोपर लागेल इतक्या जवळून दोघे एकमेकांना ओलांडून गेले. ॲडम्सने हॅट काढून, वाकून अभिवादन केलं. डिकिन्सनची हॅट हलली नाही, मान हलली नाही, हात हलला नाही. ॲडम्सने डायरीत हे सगळं नोंदवून ठेवलं आणि यापुढे आपलं याच्याशी बोलणं बंद, असा शेराही मारला.

राग अगदीच अकारण नव्हता. ॲडम्सने जुलैमध्ये एका मित्राला लिहिलेलं खासगी पत्र वाटेतच ब्रिटिशांच्या हाती लागलं होतं आणि त्यांनी ते मोठ्या आनंदाने छापून टाकलं होतं. भरपूर दौलत आणि किरकोळ बुद्धी असलेला एक गृहस्थ, ज्याच्या कीर्तीचे नगारे फार वाजलेत, तो आपल्या सगळ्या कारभाराला खुळचट रूप आणतोय, असं त्यात म्हटलेलं. नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती.

आज ॲडम्स अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. डिकिन्सनचा उल्लेख मात्र बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकतो: स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही न करणारा माणूस. मीही त्याला त्या वाक्यातूनच पहिल्यांदा भेटलो आणि मला तो मुळीच आवडला नाही. ऐन मतदानाच्या वेळी खाली बघत बसणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात जुनी अढी आहे. विरोध करा, पाठिंबा द्या, पण काहीतरी करा, असं माझं साधं मत. डिकिन्सनबद्दल वाचायला घेतलं ते खरं तर ही अढी पक्की करायला. ती मोडली असं म्हणणार नाही, पण तिला बरेच पोचे आले.

डिकिन्सनचा जन्म १७३२ सालचा, मेरीलँडमधला. वडील तंबाखूच्या मळ्यांचे मालक. पुढे कुटुंब डेलावेअरमधल्या डोव्हरजवळ राहायला गेलं. मळ्यावर राबणारे गुलाम होते, आणि ही गोष्ट लेखात पुन्हा येणार आहे. आई क्वेकर घराण्यातली. क्वेकर म्हणजे शस्त्र हाती न धरणारा, शपथ न घेणारा, सभेत शांत बसून अंतरात्म्याचा कौल घेणारा ख्रिस्ती पंथ. डिकिन्सन स्वतः रीतसर क्वेकर झाला नाही, पण पुढे बायकोही त्याच पंथातली मिळाली, आणि तो स्वभाव त्याच्यात मुरलेला दिसतो. वकिली शिकायला तो लंडनच्या मिडल टेंपलमध्ये गेला, १७५७ मध्ये परतला आणि फिलाडेल्फियात वकिली सुरू केली.

डेलावेअर तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या शेपटासारखं होतं. गव्हर्नर दोघांना मिळून एक, विधिमंडळं मात्र वेगळी. डिकिन्सनची मिळकत दोन्हीकडे असल्यामुळे त्याला दोन्हीकडे राजकारण करता आलं. १७६० मध्ये तो डेलावेअरच्या सभागृहाचा सभापती होता आणि १७६२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सभागृहात निवडून आला.

त्याची खरी ओळख १७६४ मध्ये पटते. पेनसिल्व्हेनिया ही पेन घराण्याची जवळजवळ खासगी जहागीर. हे मालक लंडनमध्ये बसून कारभार हाकायचे आणि स्वतःच्या जमिनींवर कर लावू द्यायला कुरकुर करायचे. बेंजामिन फ्रँकलिन आणि जोसेफ गॅलोवे या सभागृहातल्या दोन बड्या नेत्यांनी टूम काढली की पेन घराण्याला बाजूला सारून वसाहत थेट राजाच्या ताब्यात द्यावी. लोक पेन मंडळींना विटलेले होतेच. तिशी नुकतीच ओलांडलेला डिकिन्सन उभा राहिला आणि विरोधात बोलला. पेन मंडळी चांगली आहेत, असं तो म्हणाला नाही. जुन्या सनदेने आपल्याला धर्माचं आणि सभागृहाचं जे स्वातंत्र्य दिलंय, ते राजाचे मंत्री टिकू देतील याची हमी काय, एवढंच त्याने विचारलं. सभागृहात तो हरला. पण त्या ऑक्टोबरच्या निवडणुकीत फ्रँकलिन आणि गॅलोवे दोघांनाही मतदारांनी घरी बसवलं.

मला त्याची पुढची सगळी कारकीर्द या एका भाषणात दिसते. जुनं वाईट आहे हे मान्य, पण ते सोडण्याआधी नवं काय ते ताटात वाढून दाखवा. हा प्रश्न विचारणारा माणूस कुणालाच आवडत नाही, आणि तो बरेचदा बरोबर असतो, ही त्यातली आणखी चिडवणारी गोष्ट.

नंतरच्या वर्षी ब्रिटिश संसदेचा स्टॅम्प कायदा आला. कागदपत्रांवर, वर्तमानपत्रांवर, पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा मुद्रांक. नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. त्यांच्या ठरावांचा मसुदा डिकिन्सनने लिहिला. कायदा मागे घेतला गेला, पण १७६७ मध्ये ब्रिटनचा अर्थमंत्री टाउनशेंड याने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्यावर नवी जकात बसवली. रकमा क्षुल्लक होत्या. लोक जरा दमलेही होते. त्याच डिसेंबरात फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात 'शेतकरी' या सहीने एक पत्र छापून आलं. स्वतःची ओळख अशी: छोटंसं शेत, मोजके नोकर, थोडा पैसा व्याजाने लावलेला, ग्रंथांचा संग्रह, आणि कुठलीही हाव नाही. प्रत्यक्षात हा 'शेतकरी' म्हणजे हजारो एकरांचा मालक आणि शहरातला नावाजलेला वकील! अशी एकूण १२ पत्रं आली. वसाहतींतल्या बहुतेक वर्तमानपत्रांनी ती उचलून छापली. पुस्तिका निघाल्या. लंडनच्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली ती फ्रँकलिननेच, आणि पॅरिसमध्ये फ्रेंच भाषांतरही झालं.

पत्रांतला मुद्दा वकिली होता, पण धारदार. साम्राज्याचा व्यापार नियमात ठेवण्यासाठी संसदेने जकात लावावी, त्याला हरकत नाही. तिजोरी भरण्यासाठी, आमच्या संमतीवाचून लावलेला पैसाही मात्र चालणार नाही. रक्कम लहान आहे हीच खरी भीती, कारण लहान रक्कम लोक मुकाट भरतात आणि मग तो पायंडा होतो. त्याच वेळी तो बजावतो की स्वातंत्र्याचं काम दंगाधोप्याने मळवू नका, अर्ज करा, आयात थांबवा, संयम ठेवा. सातव्या पत्रात तो लिहितो की आमच्या संमतीशिवाय आमच्यावर कर बसतो, म्हणजे आम्ही गुलाम आहोत. 'गुलाम' हा शब्द मोठ्या ठळक अक्षरांत. हे लिहिणाऱ्याच्या डेलावेअरमधल्या मळ्यावर त्या क्षणी खरेखुरे गुलाम राबत होते. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या ठळक अक्षरांमागे लेखणी जराही अडखळलेली दिसत नाही.

आपला संबंध या कथेत येतो तो चहातून. १७७३ चा चहा कायदा झाला तो दिवाळखोरीच्या काठावर आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला तारण्यासाठी. बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकल्या गेल्या त्याच्या काही आठवडे आधी, नोव्हेंबरात, फिलाडेल्फियात 'रस्टिकस' या टोपणनावाने एक पत्रक निघालं. ते डिकिन्सनचं मानलं जातं. त्यात तो लोकांना सांगतो की ही कंपनी कोण आहे ते आशियात बघा. युद्धं पेटवायची, राज्यकर्ते उलथवायचे, प्रजेला लुटायचं. एका वर्षात १५ लाख माणसं उपासमारीने मेली म्हणतात, आणि ती जमिनीने पीक नाकारलं म्हणून नव्हे, तर कंपनीने आणि तिच्या नोकरांनी धान्य दाबून भाव चढवले म्हणून. हा १७७० चा बंगालचा दुष्काळ. तो आकडा ऐकीव होता, आज इतिहासकार त्याहून बरेच मोठे अंदाज देतात. पण फिलाडेल्फियातला एक वकील बंगालच्या भुकेल्यांचा दाखला देऊन आपल्या लोकांना सावध करत होता, त्याच वर्षी ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्यातून सुटलेला धागा दीड वर्षात सुरतेच्या तहापर्यंत, म्हणजे त्याच कंपनीच्या मुंबईकर साहेबांच्या टेबलापर्यंत पोचला. रघुनाथरावांनी हे पत्रक वाचायला हवं होतं, असा एक निरुपयोगी विचार मनात येऊन गेला.

१७७५ च्या एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला ब्रिटिश सैनिक आणि वसाहतवाले यांच्यात गोळ्या झडल्या. जुलैत डिकिन्सनच्या हातून दोन दिवसांच्या अंतराने दोन कागद काँग्रेसने बाहेर काढले. ६ जुलैला आम्ही शस्त्र का उचललं याचं निवेदन. जेफरसनचा मसुदा घेऊन डिकिन्सनने ते नव्याने लिहिलं. ८ जुलैला राजाला शेवटचा नम्र अर्ज, ज्याला 'ऑलिव्ह फांदीचा अर्ज' म्हणतात. एका हातात बंदूक, दुसऱ्यात फांदी. ॲडम्सला संताप आला तो याच अर्जाचा. अर्ज लंडनला पोचवायला गेला रिचर्ड पेन, त्याच पेन घराण्यातला. राजाने अर्ज स्वीकारलाच नाही. २३ ऑगस्टला वसाहती बंडखोर असल्याची घोषणा करून टाकली.

आपल्याकडे शाळेतच मवाळ आणि जहाल अशा दोन रांगा लावून दिलेल्या असतात. डिकिन्सनला मवाळांच्या रांगेत ढकलून मोकळं व्हावंसं वाटतं. पण हा गृहस्थ अर्ज लिहीत असतानाच फिलाडेल्फियाच्या स्वयंसेवक पलटणीचा कर्नल होता आणि तिच्या कवायती घेत होता.

तरीही इथून पुढच्या काही महिन्यांत माझं मत त्याच्या विरोधात जातं. समेट करायला समोर कुणी तरी बसलेलं लागतं. राजाने दार लावून घेतलं होतं. ते कळल्यानंतरही ९ नोव्हेंबरला डिकिन्सनने पेनसिल्व्हेनियाच्या सभागृहाकडून प्रतिनिधींना सूचना दिल्या: वेगळं होण्याचा कुठलाही प्रस्ताव आला तर विरोध करा. हा सावधपणा नव्हता. स्वतःच्याच युक्तिवादाच्या प्रेमात पडलेल्या वकिलाचा हट्ट होता.

मात्र तो एकटा पडलेला होता असंही नाही, आणि हे फारसं सांगितलं जात नाही. १ मे १७७६ रोजी फिलाडेल्फियात पोटनिवडणूक झाली. शहराच्या चार जागा होत्या. टॉमस पेनची (हा लेखक, पेन घराण्यातला नव्हे) स्वातंत्र्याची मागणी करणारी पत्रकं घराघरांत पोचली होती, स्वातंत्र्याची हवा होती, आणि तरीही चारपैकी तीन जागा सावध पक्षाने जिंकल्या. मतदान करू शकणाऱ्यांपुरतं बोलायचं तर शहर अजून स्वातंत्र्याला तयार नव्हतं. मग ॲडम्स आणि मंडळींनी दुसरी वाट काढली. १५ मेला काँग्रेसने ठराव केला की राजाच्या नावाने चालणारी सरकारं मोडून लोकांनी नवी उभारावीत. पाच दिवसांनी सभागृहाच्या अंगणात हजारोंची सभा भरली आणि जुनं विधिमंडळ आम्हाला मान्य नाही असं सांगून मोकळी झाली. जूनमध्ये विधिमंडळाची गणसंख्याच भरेनाशी झाली. ज्या सभागृहात डिकिन्सन १४ वर्षं घडला, हरला, पुन्हा निवडून आला, ते त्याच्या पायाखाली विरघळलं. क्रांतीचं तंत्र म्हणून हे अचूक होतं. लोकशाहीचं तंत्र म्हणून मला अजून ठरवता येत नाही.

जूनमध्येच काँग्रेसने त्याला आणखी एका समितीत घातलं. वसाहतींचा संघ कसा असावा याचा मसुदा लिहायचा होता, आणि तो त्याने लिहिला. म्हणजे स्वातंत्र्याला विरोध करणारा माणूसच स्वतंत्र राष्ट्राची पहिली घटना लिहीत बसला होता. त्याच्या मसुद्यात धार्मिक श्रद्धेवरून कुणालाही त्रास देऊ नये असं कलम होतं, आणि त्यात पुरुषाबरोबर स्त्रीचाही स्पष्ट उल्लेख होता. ते कलम पुढे गाळलं गेलं.

१ जुलै १७७६. डिकिन्सन बोलायला उभा राहिला. या वागण्याने माझ्या उरल्यासुरल्या लोकप्रियतेवर शेवटचा घाव बसणार आहे, अशी त्याने स्वतःच सुरुवात केली. मग प्रश्न. फ्रान्सकडून मदतीचं पक्कं वचन आहे का? आपसातला संघ ठरलाय का? पश्चिमेकडच्या जमिनी कुणाच्या, सीमा कुठून, यावर आपण एकमेकांचे गळे धरणार नाही कशावरून? हे न ठरवता निघणं म्हणजे कागदाच्या होडीतून वादळात शिरणं.

सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेला बसलेल्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल. सगळ्यांना नवा टॉवर डोळ्यांसमोर दिसत असतो, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, भाड्याची बँक गॅरंटी कुठाय?

मतं वसाहतीमागे एक होती. पेनसिल्व्हेनियाचे सात प्रतिनिधी त्या दिवशी चार विरुद्ध तीन असे विरोधात गेले. दक्षिण कॅरोलायनाही विरोधात, डेलावेअर दुभंगलेलं, न्यूयॉर्क गप्प. नऊ बाजूने, पण एकमत नाही. निर्णय दुसऱ्या दिवसावर गेला. त्या रात्री डेलावेअरचा गैरहजर असलेला प्रतिनिधी सीझर रॉडनी तिथून सुमारे ८० मैल घोडा दामटत निघाला आणि २ जुलैला पोचून त्याने आपल्या वसाहतीची कोंडी फोडली. पेनसिल्व्हेनियात काय झालं? डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस मतदानाला बसलेच नाहीत. उरलेल्या पाचांत तीन विरुद्ध दोन असा कौल लागला, आणि पेनसिल्व्हेनिया स्वातंत्र्याच्या बाजूला गेली.

रॉडनीच्या घोडदौडीवर कविता झाल्या, पुतळा उभा राहिला. बाहेर राहण्यावर कोण पुतळा उभारणार! पण हिशेब सरळ आहे. ते दोघे आत बसून आदल्या दिवशीसारखंच मत देते, तर फिलाडेल्फियात भरलेल्या काँग्रेसमध्ये खुद्द पेनसिल्व्हेनियाच विरोधात उभी राहिली असती. आपल्याला पटत नाही म्हणून होकार द्यायचा नाही, आणि आपल्यामुळे अडू नये म्हणून नकारही द्यायचा नाही. माझ्या अढीला पहिला पोचा आला तो इथे.

तो काही दिवसांतच आपली पलटण घेऊन न्यू जर्सीतल्या एलिझाबेथटाउनला गेला, ज्या जाहीरनाम्याला त्याने मत दिलं नव्हतं त्याच्यासाठी लढायला. तो तिकडे असताना २० जुलैला पेनसिल्व्हेनियाने नवे प्रतिनिधी निवडले आणि त्याला वगळलं. मॉरिसला मात्र ठेवलं, आणि ऑगस्टात त्या मॉरिसने जाहीरनाम्यावर सहीसुद्धा केली. डिकिन्सनच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना त्याच्यावर बढती मिळाली. त्याने कर्नलपद सोडलं. पुढे डेलावेअरच्या सैन्यात साधा शिपाई म्हणून बंदूक घेऊन उभा राहिला. १७७७ मध्ये ब्रिटिशांनी त्याच्या बायकोच्या माहेरचं फेअरहिलचं घर जाळलं. त्याच वर्षी त्याने आपल्या गुलामांना काही अटींवर मुक्त करण्याचा दस्त केला, आणि १७८६ मध्ये अटीही काढून टाकल्या. संस्थापकांपैकी गुलामगिरीवर उत्तम निबंध लिहिणारे बरेच होते. हयातीत, सह्यानिशी सगळ्यांना सोडणारे फार थोडे. उशीर झाला हे खरंच, सातवं पत्र आणि पहिला दस्त यांच्यात नऊ वर्षं आहेत.

१ जुलैच्या प्रश्नांचं काय झालं? फ्रान्सचा तह फेब्रुवारी १७७८ मध्ये झाला. संघाची कलमं, म्हणजे ज्यांचा पहिला मसुदा त्याने लिहिला होता ती घटना, मार्च १७८१ मध्ये लागू झाली, जवळपास पाच वर्षांनी, आणि ती अडली होती पश्चिमेकडच्या जमिनींच्या भांडणावरच. डिकिन्सनची यादी बरोबर होती. क्रम मात्र चुकला होता असं मला वाटतं. आधी जाहीर केल्याशिवाय फ्रान्सने हात पुढे केला नसता. घरातलं भांडण समजून तो काठावर उभा राहिला असता. हे ॲडम्सच्या बाजूने त्या वेळी मांडलंही गेलं होतं, आणि त्याला डिकिन्सनकडे उत्तर नव्हतं.

लोकांनी त्याला फार काळ दूर ठेवलं नाही. १७८१ मध्ये तो डेलावेअरचा अध्यक्ष, म्हणजे राज्यप्रमुख झाला, वर्षभरात पेनसिल्व्हेनियाचाही, आणि काही आठवडे दोन्ही खुर्च्या त्याच्याकडे होत्या. जून १७८३ मध्ये थकलेल्या पगारासाठी काही शे सैनिकांनी सभागृहाला वेढा घातला. काँग्रेसने राज्याची फौज बोलावण्याची मागणी केली. डिकिन्सन आणि त्याचं मंडळ नाही म्हणालं: प्रत्यक्ष हिंसा झाल्याशिवाय आपले लोक आपल्याच सैनिकांवर बंदूक उचलणार नाहीत. काँग्रेस चिडून प्रिन्स्टनला निघून गेली. राजधानी कुठल्याच राज्याच्या ताब्यात नको, हा विचार रुजायला हा प्रसंग बराच कारणीभूत ठरला.

१७८७ च्या घटना परिषदेत तो डेलावेअरचा प्रतिनिधी होता, पंचावन्नच्या घरातला आणि प्रकृतीने खचलेला. अखेरीस तो आधीच घरी निघून गेला आणि त्याच्या सांगण्यावरून डेलावेअरच्याच जॉर्ज रीडने त्याचं नाव राज्यघटनेवर लिहिलं. पण त्याआधी त्याने एक काम करून ठेवलं होतं. २ जूनलाच त्याने सुचवलं की निदान एका सभागृहात प्रत्येक राज्याला सारखं मत असावं. १५ जूनला त्याने मोठ्या राज्यांची बाजू लढवणाऱ्या मॅडिसनला बाजूला घेऊन सुनावलं की ताणल्याचा परिणाम बघ, दोन्ही सभागृहांतली बरोबरी गमावण्यापेक्षा आम्ही छोटी राज्यं परक्या सत्तेपुढे वाकू. परक्या सत्तेपुढे! अकरा वर्षांपूर्वी ती सत्ता सोडायला कचरणाऱ्याच्या तोंडचं हे वाक्य ॲडम्सने ऐकलं असतं, तर डायरीची दोन पानं भरली असती. तो तेव्हा लंडनमध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून बसला होता.

त्या हट्टाचं फळ सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या रूपाने उभं आहे. डेलावेअरची वस्ती जेमतेम दहा लाखांच्या आसपास, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या जवळ, आणि सिनेटर दोघांचे दोन-दोन. कागदाच्या होडीवरून मी डिकिन्सनशी जवळपास तह केला आहे. या सिनेटवरून मात्र माझं त्याच्याशी अजून भांडण चालू आहे.